अंगात येणे : अनुभव कोणाचा, अर्थ कोणाचा?

आमच्या कार्यकर्त्यांना ‘अंगात येणे’ या विषयावर बोलायला सांगितले की बहुतेकांचे भाषण दोन वाक्यांत संपते. हे ढोंग आहे, हे एक. आणि हे अज्ञान आहे, हे दुसरे. मी स्वतः शिक्षकी पेशात तीस वर्षे हीच दोन वाक्ये फळ्यासमोर उभा राहून बोललो. ती सर्वस्वी खोटी आहेत असे मला आजही म्हणायचे नाही. पण तेवढ्याने काहीच समजत नाही, हे कळायला मला फार काळ लागला. ज्या बाईमुळे ते कळले तिच्यापासूनच सुरुवात करतो.

माझ्या थोरल्या चुलत्याच्या बायकोला आम्ही मोठी माय म्हणत असू. आमचे गाव मराठवाड्यातले, गोदाकाठचे. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या महारवाड्याने देव्हारे मोकळे केले. माझ्या वडिलांनी घरातले टाक आपल्या हाताने गोदावरीत सोडले. बावीस प्रतिज्ञांत मरीआईचे नाव नाही. पण कोणत्याही देवदेवतेला मानणार नाही असे एकदा म्हटले की तीही त्यात आलीच. वाड्यात बुद्धवंदना सुरू झाली. तरी आषाढ लागला आणि गावात हलगी कडाडली की मोठ्या मायच्या अंगात यायचेच. टाक नदीत गेले होते. मोठी माय कुठे जाणार होती?

७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. मी तेव्हा औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकत होतो. डोक्यात बाबासाहेबांची पुस्तके आणि अंगात नव्या विचाराची रग. दोन दिवसांसाठी गावी आलो आणि त्याच रात्री मोठी माय घुमू लागली. केस मोकळे सुटलेले, डोळे वर गेलेले, श्वास भात्यासारखा. जो चुलता तिला रोज बडवायचा तो तिच्यापुढे हात जोडून बसला होता. ती म्हणाली, “झाडाला उपाशी ठेवता, झाडाला मारता, अन् मला पुजता व्हय रं?” चुलता म्हणाला, “चुकलं माय. पदरात घे.” देवी ज्याच्या अंगात येते त्याला आपल्याकडे झाड म्हणतात, हे नव्या वाचकांसाठी सांगतो.

मी उठलो, वळचणीला खोचलेला दाभण घेतला आणि सर्वांदेखत तिच्या दंडात टोचला. ढोंग असेल तर किंचाळेल, असा माझा हिशोब होता. ती हललीसुद्धा नाही. वाड्याला देवीचा पुरावा मिळाला आणि माझा बुद्धिवाद तोंडावर आपटला. सकाळी दंड सुजलेला. तिने विचारले, “कुणी टोचलं रं?” कोणी बोलेना. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, “शिकलेल्याचं काम हाय ते.”

ती तिला त्या क्षणी कळत होते काय? की सकाळी तिने अंदाज बांधला? या प्रश्नाने मला या विषयाकडे नेले.

दाभणाचे उत्तर तसे जुने आहे, आणि ते आपल्याच देशात सापडते. जेम्स एस्डेल हा कंपनी सरकारच्या नोकरीतला स्कॉटिश डॉक्टर बंगालमध्ये हुगळीला होता. १८४५ च्या एप्रिल महिन्यात त्याने तिथल्या एका कैद्यावर गुंगीचे कोणतेही औषध न देता शस्त्रक्रिया केली. तेव्हा ‘मेस्मेरिझम’ म्हणत त्या पद्धतीने, म्हणजे अंगावरून संथपणे हात फिरवत राहून, रोग्याला आधी तंद्रीत नेले जाई. त्यानंतर त्याने अशा पुष्कळ शस्त्रक्रिया केल्या आणि पुढच्याच वर्षी कलकत्त्यात त्यासाठी इस्पितळही निघाले. पुढे ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि ही पद्धत मागे पडली. इंग्लंडात जेम्स ब्रेडने त्याच सुमारास या अवस्थेतून चुंबकशक्तीची कल्पना काढून टाकली. माणसाचे लक्ष एका बिंदूवर इतके आकसते की बाकीच्या संवेदना जाणिवेच्या उंबऱ्याबाहेर राहतात, असे त्याने सांगितले. आज ज्याला संमोहन म्हणतात ते हेच. म्हणजे वेदना न जाणवणे हा दैवी शक्तीचा पुरावा नाही आणि वेदना जाणवत नाही म्हणून ते ढोंगही नाही. माझ्या परीक्षेत दोन्ही बाजूंनी चूक होती.

आणखी एक गोष्ट एस्डेलचा वृत्तांत वाचताना खुपली. पहिला प्रयोग कोणावर झाला? कैद्यावर. पुढचे रोगीही बहुतेक गोरगरीब. मी दाभण टोचला तोही माझ्या प्राध्यापकाला नाही. खडी फोडून आलेल्या बाईला टोचला. परीक्षा कोणाच्या अंगावर घेतली जाते, हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासात फार कमी विचारला गेला आहे.

आता अंगात येते म्हणजे शरीरात काय होते ते पाहू. हलगीचा किंवा संबळाचा ठेका एकसारखा चालू असतो. ऊद जळत असतो. बाई बहुधा उपाशी असते, कधी उपासाने तर कधी नुसतीच उपाशी. ठेक्याबरोबर श्वास भराभर चालू लागतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायॉक्साइड उतरतो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. हातापायांना मुंग्या येतात, गरगरते, आवाज दुरून आल्यासारखे वाटतात. एवढे कोणाच्याही बाबतीत होईल. वाचकाने पाच मिनिटे करून पाहू नये, भोवळ येईल. पण मुंग्या येणे म्हणजे देवी येणे नव्हे. त्या मुंग्यांना ‘देवी’ हा अर्थ देते ती वस्ती. लहानपणापासून मुलगी पाहते की आजी अशीच घुमते, मावशी अशीच केस सोडते, अमुक वारी येते, आरतीला येते, लिंबू पुढे केले की शांत होते. शरीराने दिलेला धागा आणि समाजाने दिलेला माग, त्यावर हे वस्त्र विणले जाते. म्हणूनच मोठ्या मायच्या अंगात कधी मेरी आली नाही आणि वसईच्या ख्रिस्ती बाईच्या अंगात मरीआई येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात दहाव्या आवृत्तीपासून तंद्री आणि संचार यांची वेगळी नोंद आहे. ती करताना एक महत्त्वाची अट घातलेली आहे. माणसाच्या इच्छेविरुद्ध, त्याला नकोसा असताना, आणि त्याच्या समाजात मान्य असलेल्या विधीबाहेर जो संचार होतो तोच विकार समजावा. जत्रेत घुमणारी प्रत्येक बाई रोगी ठरत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ सुधारकांपेक्षा ही नोंद लिहिणारे अधिक सावध होते, असे म्हणावे लागते.

तरी शरीर आणि विधी सांगून झाले तरी माझा खरा प्रश्न उरतोच. ती देवी बोलत काय होती? “झाडाला उपाशी ठेवता, झाडाला मारता.” हे देवीचे म्हणणे नव्हते, मोठ्या मायचे होते. मोठ्या मायच्या तोंडाने ते निघाले असते तर चुलत्याने तिचे तोंड फोडले असते. देवीच्या तोंडाने निघाले म्हणून तो हात जोडून बसला. आय. एम. लुईस या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने सोमालिया आणि इतर समाजांतील संचाराचा अभ्यास करून १९७१ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यात त्याने दाखवले की कित्येक समाजांत आत्मे वारंवार पकडतात ते बायकांना आणि खालच्या दर्जाच्या पुरुषांना. आणि पकडलेल्या बाईच्या तोंडून तो आत्मा नवे कपडे मागतो, अत्तर मागतो, चांगलेचुंगले खायला मागतो. नवऱ्याला ते द्यावे लागते. सोमालियातल्या त्या बाईत आणि आमच्या मोठ्या मायत समुद्राचे अंतर आहे, पण दोघींची देवता साडीच मागते.

इथे काही मित्र लगेच म्हणतील की मग हा विद्रोहच झाला. मला तसे म्हणवत नाही. तासभर देवी, बाकीचे तेवीस तास मार. दुसऱ्या दिवशी चुलत्याने तिला पुन्हा मारले, कारण ज्याची माफी मागितली ती देवी होती, बायको नव्हती. व्यवस्थेला असला विद्रोह परवडतो. उलट त्याने तिची वाफ निघून जाते. बाईला आपल्या नावाने बोलता येत नाही तोवर तिच्या अंगातली देवी हा तिच्या मुकेपणाचाच पुरावा.

आणि मरीआई तरी कोणाची? पटकीची देवी ती. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर ओढून न्यायचा, आणि तो नेण्याचे काम महार-मांगांचे. रोग गावाचा, अंगावर घेणारे आम्ही. पोतराज होऊन स्वतःच्या पाठीवर आसूड ओढणारे आम्ही. रॉबर्ट कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पटकीचा जंतू तलावाच्या पाण्यात दाखवला. पटकी पाण्यातून येते हे शास्त्राने सिद्ध केल्यानंतर त्रेचाळीस वर्षांनी, १९२७ साली, महाडला पाण्याला हात लावल्याबद्दल आमच्या माणसांची डोकी फुटली. चांगले पाणी द्यायचे नाही, आणि घाण पाण्याने येणाऱ्या रोगाची देवी मात्र आमच्या गळ्यात बांधायची, अशी ही वाटणी होती. जून १९३६ मध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी पोतराज, जोगतिणी, देवदासी, आराधी यांची सभा घेतली आणि हे जिणे सोडा असे त्यांना सांगितले. धर्मांतराच्या आधी वीस वर्षे. ज्यांच्या अंगात देव येतो म्हणून गाव पाया पडते आणि तरीही शिवत नाही, त्यांच्याशी त्यांनी समोरासमोर बोलणे पत्करले. आपण मात्र त्यांच्याविषयी बोलतो, त्यांच्याशी नाही.

या अनुभवांचा शास्त्रीय अभ्यास झाला नाही काय, असे विद्यार्थी विचारतात. झाला, आणि त्यातला काही उत्तम झाला. १८५३ साली युरोपात टेबल फिरवण्याचे वेड आले होते. लोक टेबलावर हात ठेवून बसत आणि टेबल आपोआप फिरे. आत्मा फिरवतो म्हणत. मायकेल फॅरडे, विजेच्या शास्त्राचा तो थोर माणूस, एका पुस्तकबांधणाऱ्याकडे उमेदवारी करून वर आलेला. त्याने हात आणि टेबल यांच्यामध्ये एकावर एक सरकणारे पुठ्ठे ठेवले. टेबल हात ओढत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकायला हवा. हात टेबल ढकलत असेल तर वरचा. वरचाच आधी सरकला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बसलेली माणसे फसवत नव्हती. आपण ढकलतो आहोत हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हते. पुठ्ठा सरकल्याचे दाखवणारी काडी त्यांच्या नजरेसमोर ठेवली तेव्हा टेबल फिरायचे थांबले. आपल्याकडे वसतिगृहांत पोरे वाटी उलटी करून प्लँचेट करतात त्याचेही मर्म हेच. फॅरडेने कोणाला दाभण टोचला नाही, ही गोष्ट मी पुढे माझ्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगू लागलो.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात जे. बी. ऱ्हाइन यांनी पत्त्यांवर प्रयोग केले. पाच चिन्हांचे पंचवीस पत्ते. न पाहता ओळखायचे. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतात, त्याहून सातत्याने जास्त आले तर काही विचार करायला हवा. १९३४ मध्ये त्यांचे पुस्तक गाजले. पण काही पत्त्यांची चिन्हे मागच्या बाजूने दिसत असत अशी टीका झाली, आणि इतर प्रयोगशाळांत तसे निकाल भरवशाने मिळेनात. १९७४ मध्ये त्यांच्या संस्थेचा संचालकच आकडे बनवताना पकडला गेला. त्याला पकडणारे त्याचे सहकारी होते आणि ऱ्हाइननी ते स्वतः जाहीर केले, हेही नोंदवले पाहिजे. या विषयावर इतकेच पुरे.

आपल्याशी जास्त संबंध येतो तो पुनर्जन्माच्या अभ्यासाचा. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन हे मानसोपचारतज्ज्ञ भारतात अनेकदा आले. पूर्वजन्म आठवतो असे सांगणाऱ्या मुलांच्या वीस नोंदी त्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांत सात भारतातल्या. माणूस कष्टाळू होता, साक्षी तपासत असे, याबद्दल शंका नाही. त्यांतली एक नोंद मी पुन्हा पुन्हा वाचली. उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगर जिल्ह्यातला एक जाट मुलगा, साडेतीन वर्षांचा, १९५४ मध्ये देवीच्या आजारात मेला असे वाटून नंतर शुद्धीवर आला. पुढे तो म्हणू लागला की मी अमुक गावच्या ब्राह्मणाचा मुलगा आहे, आणि जाटाच्या घरचे अन्न खाईना. अखेर शेजारच्या एका ब्राह्मण बाईने दीडेक वर्ष त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक केला.

संशोधकांनी या मुलाच्या आठवणी किती जुळतात ते मोजले. माझी नजर स्वयंपाकावर खिळली. साडेतीन वर्षांचे पोर, आणि कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये हे त्याला पक्के ठाऊक! हे ज्ञान मिळवायला पूर्वजन्माची गरज नाही. आपल्या देशात ते दुधाबरोबर पाजले जाते. अशा नोंदींत मूल मागच्या जन्मी आजच्याहून बऱ्या घरात होते असे पुष्कळदा आढळते. ब्राह्मणाच्या मुलाने आपण पूर्वजन्मी मांग होतो असे सांगून मांगवाड्यातली भाकरी मागितली, तर त्याच्या घरचे ती आठवण संशोधकांपर्यंत पोचू देतील काय, याचा विचार वाचकांनीच करावा. नोंदवहीत येण्याआधीच आठवणींची निवड होते, आणि निवडणारा समाज जातीचा आहे. शिवाय पूर्वजन्म ही आम्हाला निव्वळ कुतूहलाची गोष्ट कधीच नव्हती. मागच्या जन्मीच्या पापाने तुम्ही अस्पृश्य झालात, हे सांगण्यासाठीच ती आमच्या माथी मारली गेली. म्हणूनच ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचे संक्रमण नाकारून या प्रश्नाची वेगळी मांडणी केली.

चमत्काराबद्दल बुद्धाचे मत दीघ निकायातल्या केवट्ट सुत्तात आहे. नालंदेचा केवट्ट बुद्धाला म्हणतो, एखाद्या भिक्खूकडून चमत्कार करवा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. बुद्धाचे उत्तर असे की भिक्खू हवेत उडाला तरी अश्रद्ध माणूस म्हणेल, ही गांधारी विद्येची करामत आहे. मग श्रद्धा कशी वाढणार? दुसऱ्याचे मन ओळखण्याचेही तसेच. असल्या चमत्कारांची मला लाज वाटते, असे तो सांगतो. खरा चमत्कार शिकवणुकीचा. संशय घेणाऱ्याला बुद्ध नास्तिक म्हणून हाकलत नाही, त्याचाच युक्तिवाद पुढे करतो, हे मला फार मोलाचे वाटते.

आता भानामतीकडे येतो, कारण तिथे हा विषय पुस्तकातून बाहेर पडून माणसे मारू शकतो. मराठवाड्याला भानामती नवी नाही. घरावर दगड पडतात, दोरीवरचे कपडे पेटतात, अंगावर बिब्ब्यासारख्या फुल्या उठतात, बायका कुत्र्यासारख्या भुंकतात. फुल्या उठतात कारण त्या बिब्ब्याच्याच असतात. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर फोड येतो. कपडे काडीने पेटतात. पण गाव काडी शोधत नाही, बाई शोधते. आणि ती बाई बहुधा विधवा, एकटी, वाटणीला हक्क सांगणारी, किंवा आमच्या वाड्यातली असते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच ते पन्नास हजार दंड. कार्यकर्त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे की अंगात येणे हा त्यात गुन्हा नाही. अंगात आल्याचे भासवून दुसऱ्याला भीती घालणे, धमकावणे हा गुन्हा आहे. आणि एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असे म्हणून तिचे जगणे अवघड करणे हाही आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका गावातून बोलावणे आले. एका घरात पंधरा दिवस कपडे पेटत होते. देवऋषीने आमच्या वाड्यातल्या एका विधवेकडे बोट दाखवले होते आणि तिला हातपंपावर येऊ देत नव्हते. आम्ही चौघे गेलो. एक शिक्षिका बरोबर होती. घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोललो. कपडे कोणत्या वेळी पेटतात, तेव्हा कोण कुठे असते, एवढेच विचारत गेलो. घरात सतरा वर्षांची मुलगी होती. शाळा सुटलेली, लग्न ठरलेले. शिक्षिका तिच्याशी दोन तास बोलली आणि बाहेर येऊन म्हणाली, “आता पेटणार नाहीत.”

मला मोठ्या मायची आठवण झाली. ती तेव्हा जाऊन बरीच वर्षे झाली होती. चुलता वारल्यावर तिला निराधार योजनेचे पैसे सुरू झाले होते आणि नंतरनंतर तिच्या अंगात येणे कमी झाले होते. वयाने असेल, पैशाने असेल, चुलता गेल्यानेही असेल. मी दाभणाबद्दल तिची माफी मागितली तेव्हा ती हसून म्हणाली होती, “मला तवाच कळलं व्हतं. पर देवी आल्यावर वरडायचं कसं?”

त्या गावाने रात्री चावडीसमोर आम्हाला अडवले. कोण लावते ते सांगा, नाव घ्या, असा आग्रह होता. आम्ही नाव घेतले नाही. पोलीस पाटलासमोर एवढेच लिहून घेतले की वाड्यातल्या त्या बाईचा या प्रकाराशी काहीही संबंध नाही आणि तिला पाण्यावर अडवणारावर कायद्याने कारवाई होईल. मुलीच्या बापाशी शिक्षिका वेगळे बोलली. लग्न एक वर्ष पुढे गेले. निघताना पाहिले तर ती विधवा घागर घेऊन पंपावर उभी होती. तिच्या पुढे-मागे कोणी उभे नव्हते, पण तिने घागर भरली.